डावा ब्रेक

३ सप्टेंबर

भिंगरी,

मुकादमाच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय. तुझा फोन रंगाच्या भट्टीत पडला असं त्यांनीच कळवलं. माझा फोन शाबूत आहे, पण मी तो उचलत नाही. उचलला की पलीकडून "कशी आहेस गं?" येतं, आणि मग दोन्हीकडे शांतता. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय तू भरकटलास तर तेवढा भाग मला वगळता येतो.

कामाचं लिहिते. मला स्कूटर घ्यायची आहे. ह्यांची गाडी हॉस्पिटलच्या दिवसांत विकली. हे गेल्यापासून मी लॅबच्या गाडीतून घरोघरी रक्ताचे नमुने घ्यायला जात होते. आता ती गाडी दुसऱ्या शाखेला दिली. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून स्वतःचं वाहन असेल तर फेरी तुझी. नाहीतर खिडकीत बस." खिडकीत म्हणजे लोकांची नावं विचारायची आणि बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. मला खिडकीत बसायचं नाही. फेरी जाऊ द्यायची नाही. बाकी काहीही जाऊ दे.

जुन्या गाड्या विकणाऱ्या ज्या चष्मेवाल्याकडे तू गाड्या पुसायला होतास, त्याच्याकडे जाऊन आले. त्यानं दोन गाड्या दाखवल्या. एकच कंपनी, एकच मॉडेल, दोन्ही राखाडी. एक जुन्या सालची, एक नव्या सालची. म्हणाला, "ताई, सख्ख्या बहिणी आहेत. थोरली कामसू, धाकटी जरा नखरेल. कुणालाही न्या, नांदतील." मी हसले नाही म्हणून त्यानं चष्मा काढून पुसला.

तुला यातलं कळतं. मला फक्त ब्रेकचं सांग. डाव्या हाताच्या ब्रेकचं. थोरलीत आणि धाकटीत फरक काय?

जेवते, झोपते. तू विचारशील म्हणून लिहिलं.

ताई

९ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मुकादमानं आधी स्वतः वाचलं आणि मग मला दिलं. म्हणे, "बहिणीचं आहे, चांगलं लिहिते, तुझ्यासारखं नाही." म्हणजे आता तुला एक वाचक जास्त आहे.

आम्ही सध्या एका लांबलचक रस्त्यावर वितळलेल्या गरम रंगाचे पट्टे मारतोय. दोन्ही बाजूंना काही नाही. मधूनच पेट्रोल पंप येतो, की परत काही नाही. काल गंमत झाली. ओल्या पट्ट्यावरून एक कुत्रं चालत गेलं. आमच्यापेक्षा सरळ गेलं, खोटं नाही सांगत! पांढऱ्या पट्ट्यावरून उतरून डांबरावर त्याच्या पंजांची रांग उमटली, ती थेट पंपावरच्या खानावळीपर्यंत. मुकादम ओरडतोय, "हा रस्ता काय त्याच्या बापाचा आहे?" आणि खानावळवाला म्हणतो, "असू द्या हो, गिऱ्हाइकांना वाट कळेल." मला त्या कुत्र्याचं फार कौतुक वाटलं. पाय भाजले असतील का, एवढं एकच मनात राहिलं. रंग तोवर निवला होता म्हणा.

हां, स्कूटर. डोळे मिटून थोरली घे.

का ते ऐक. थोरलीला किक आहे. धाकटीला नाही, बॅटरी बसली की तीही रुसून बसते. थोरलीचा पत्रा पत्र्यासारखा वाजतो. धाकटीला टिचकी मारून बघ, लोण्याच्या डब्यासारखा आवाज येतो. थोरली कुठल्याही कोपऱ्यावरचा मेकॅनिक पाना घेऊन उघडेल. धाकटीला तो आधी मशीन लावणार, मग मशीन सांगेल की दुसरं मशीन आणा. धाकटीचं पेट्रोलचं झाकण मागे बाहेर आहे, सीट उघडावी लागत नाही, हे मात्र मान्य. पण पेट्रोल भरताना जरा उतरलं तर काय बिघडतं? माणसाचे पाय मोकळे होतात.

आणि ब्रेक. थोरलीत डावा दाबला की मागचं चाक धरतं, उजवा दाबला की पुढचं. सरळ हिशोब. धाकटीत डावा दाबला की मागचं धरतंच, पुढचंही थोडं धरतं. म्हणजे एकाला जेवायला बोलवावं आणि त्यानं मेव्हण्यालाही घेऊन यावं. असल्या गाडीवर आपला हात आपल्या ताब्यात राहत नाही, असं माझं मत.

आणि खरं कारण मला माहीत आहे. भाऊजींची गाडी थोरलीच्याच सालची होती. तुझा जीव तिच्यातच आहे, तू फक्त माझ्या तोंडून वदवून घेतेयस. घे बिनधास्त. त्यात लाजायचं काय?

भिंगरी

ता.क. मुकादम विचारतोय, रक्तात साखर जास्त आहे हे तोंडावरून कळतं का? त्याला भीती वाटते.

१४ सप्टेंबर

भिंगरी,

तोंडावरून कळत नाही. तपासून घ्या म्हणावं.

ह्यांच्या सालची आहे म्हणून नाही. मी त्या गाडीच्या सीटवर हात ठेवून उभी राहिले होते. चष्मेवाला दूर गेला, बाईला एकटं सोडावं म्हणून असेल. मला काही वाटलं नाही. गाडी होती, सीट होती, सीटला एक शिवण उसवली होती. सगळ्यांना वाटतं मी आत काहीतरी दाबून ठेवलंय. शेजारच्या काकू दोनदा म्हणाल्या, "रड बाई एकदाची." मी आत जाऊन बघते, तर तिथे काहीच नसतं. घर रंगवायला काढलं की सामान बाहेर ठेवतात, तसं.

ते राहू दे. मी ब्रेकचं विचारलं आणि तू मला कुत्र्याचं लिहिलंस.

माझा प्रश्न असा आहे. डावा ब्रेक धरायला लागला, हे हाताला कसं कळतं? न बघता कळतं का? आणि समजा चुकून जास्त दाबला गेला, तर दोघींपैकी कुठली जास्त सांभाळून घेईल? एवढंच सांग. पाल्हाळ नको.

काल दोन्ही गाड्या आवारात चालवून पाहिल्या. थोरलीचा डावा ब्रेक सैल आहे, बराच आत येतो. मला ते बरं वाटलं. चालवताना मी त्याच्याकडे बघत होते.

ताई

२० सप्टेंबर

ताई,

हे काय विचारणं झालं? हाताला कसं कळतं! हाताला कळतंच. चिमटा काढला की कसं कळतं, तसं. तू गाडीवर बसून ब्रेककडे कशाला बघतेस? समोर बघ. समोरून ट्रक येतात, ब्रेकमधून काही येत नाही.

मुकादमाची साखर निघाली. थोडीच. आता तो दिवसभर कुणाशी बोलत नाही आणि बिनसाखरेचा चहा पिताना माझ्याकडे असं बघतो जणू ती मीच घातली. काल मला म्हणाला, "तुझ्या बहिणीनं विचारलं नसतं तर मी सुखात होतो." मी म्हटलं, विचारलं तुम्ही! पण मुकादमाशी वाद घालून कोण जिंकलंय? भट्टीजवळ उभं राहायचं काम मग आपल्याला लागतं. भट्टीतला रंग डोशाच्या पिठासारखा दिसतो, अगदी निरागस, आणि बूट नेतो. माझा एक बूट गेला. आता दोन वेगळे बूट घालतो. डावा मोठा आहे.

तर गाडीचं. तू घाबरली आहेस, बरेच दिवस चालवली नाहीस म्हणून. मला वाटलंच. म्हणून मी काय केलं सांगू? मुकादमाच्या फोनवरून चष्मेवाल्याला फोन लावला. म्हटलं, "थोरली माझ्या बहिणीसाठी ठेवून दे. आणि तिचा डावा ब्रेक असा लोंबता काय ठेवलाय? तिचा हात हलका आहे. मागचा नट चांगला आवळ. बोट लागलं की धरला पाहिजे." तो म्हणाला, "धाकटी दे रे तिला, बरी पडेल." मी म्हटलं, "तू गाड्या विकतोस की सल्ले?" आता थोरली तयार आहे. लोण्यावरून सुरी फिरवावी तसा ब्रेक लागेल तुला. जा आणि घेऊन ये.

मला शाबासकी नको. दिलीस तर घेईन.

भिंगरी

१२ ऑक्टोबर

भिंगरी,

उशीर झाला. डाव्या हाताला पट्टी आहे. लिहिते उजव्यानं, पण कागद धरायला दुसरा लागतो. आता वाटीखाली दाबून ठेवलाय.

थोरली घेतली. एक तारखेला फेरीवर निघाले. लॅबच्या कोपऱ्यावर वळताना एक बाई मध्ये आली, मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक जागीच धरलं आणि गाडी माझ्यासकट आडवी सरकत गेली. बाईला काही झालं नाही. बर्फाची पेटी पायांत होती, तिलाही काही झालं नाही, रिकामीच होती. गुडघा सोलला, मनगट मुरगळलं. भाजीवाल्यानं उठवलं. तो म्हणाला, "दुखतंय का?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय.

मॅडमनी वरून पाहिलं. वर बोलावून डावा हात पुढे कर म्हणाल्या. मग सुईच्या मागच्या टोकानं एकेका बोटाला टोचत गेल्या. मी रोज लोकांना टोचते, मला कुणी टोचायची ही पहिलीच वेळ. डोळे मिटायला सांगितले होते. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी केव्हाची टोचतेय, तू बोलत का नाहीस?"

तुला सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलात ह्यांच्या खाटेशेजारी लाकडी हातांची खुर्ची होती. मी तिच्यात डावं कोपर टेकून झोपायची. एका सकाळी उठले तर करंगळी झोपलेली, ती मग उठलीच नाही. करंगळी पूर्ण, आणि शेजारचं बोट अर्धं. खरंच अर्धं. लांबीनं. जणू मधोमध तू पट्टा मारलायस. अलीकडे माझं बोट, पलीकडे कुणाचं तरी. पकडही कमीजास्त होते. शीर मी पहिल्या बोटानं शोधते, ते शाबूत आहे, म्हणून कामात कुणाला कळलं नाही. ब्रेक तेवढा कळत नाही. सैल होता तेव्हा तो किती आत आला ते मी डोळ्यांनी बघून ठरवत होते. तू तो आवळलास, मग बघायला काही उरलं नाही.

तुला बोल लावत नाही. मी सांगितलं नव्हतं.

आता खिडकीत बसते. तू विचारशील की फेरीचा एवढा हट्ट कशाला होता. कुणालातरी सांगावं लागेल, तर तुला सांगते.

फेरीवर अशी काही घरं आहेत जिथे हे गेल्याचं माहीत नाही. आधी कधी हे मला सोडायला यायचे, तेवढी त्यांची ओळख. गॅलरीवाल्या आजी दर वेळी विचारतात, "मिस्टर कसे आहेत?" मी म्हणते, "बरे आहेत." जुलैत म्हटलं, जरा खोकला आहे. ऑगस्टमध्ये म्हटलं, खोकला गेला. मागच्या महिन्यात मी ह्यांना बढती दिली. आजी म्हणाल्या, "पेढे कुठे आहेत?" मी म्हटलं, आणीन.

खिडकीत सगळ्यांना माहीत आहे. सगळे हळू आवाजात बोलतात.

ताई

१७ ऑक्टोबर

ताई,

पत्र मिळालं. मुकादमाला वाचू दिलं नाही.

चष्मेवाल्यानं मला फार पूर्वी समजावलं होतं. धाकटीत डावा जास्त दाबला गेला तरी जोर दोन चाकांत वाटला जातो, गाडी सहसा आडवी होत नाही. तू नेमकं तेच विचारलं होतंस. मला उत्तर माहीत होतं. मला थोरली आवडते म्हणून मी थोरली लिहिलं.

मॅडमना सांग, गाडी चालवणारा माणूस येतोय. सुई तू लाव, ब्रेक मी दाबतो. थोरली परत करून धाकटी आणू. मुकादमानं सोडलं आहे. म्हणाला, "जा. आणि एकसारखे बूट घेऊन जा." स्वतःचे दिले.

भिंगरी

५ डिसेंबर

ताई,

चिठ्ठी ओट्यावर ठेवून निघालो म्हणून रागावली असशील. समोर सांगितलं असतं तर तू "बरं" म्हणाली असतीस. तुझं ते "बरं" मला ऐकवत नाही. त्यापेक्षा भांडी आपट.

मी राहिलो असतो. पण डॉक्टर म्हणाले नस हळूहळू जागी होतेय, मॅडमनी धाकटीवरून फेरी मारायला तुला परवानगी दिली, आणि मागे बसून तू मला "हळू" म्हणायचीस ते आता "डावीकडे घे, अरे डावीकडे, झोपलास काय" असं व्हायला लागलं होतं. मी म्हटलं, हिला आता ड्रायव्हर नको, शिव्या द्यायला माणूस हवाय. तो पत्रातूनही मिळतो.

इथे आता शाळांसमोर झेब्र्याचे पट्टे मारतोय. पोरं सुकायची वाट बघत नाहीत. एक मुलगी मला म्हणाली, "काका, काळे पट्टे कधी मारणार?" मी म्हटलं, काळे आधीपासून आहेत. तिला पटलं नाही. मलाही विचार केल्यावर पटेना, मी सगळी दुपार त्या पट्ट्यांकडे बघत बसलो. मुकादम म्हणाला, "बहिणीकडे जाऊन सुधारशील वाटलं होतं."

धाकटीचं एक लक्षात ठेव. आधी ब्रेक दाबायचा, मग बटण, तरच ती सुरू होते. थंडीत जरा कुरकुरेल. तिला थोरलीपेक्षा जास्त लाड लागतात, पण मी तिच्याबद्दल जे लिहिलं होतं ते परत घेतो. पत्रा सोडून. पत्रा लोण्याच्या डब्याचाच आहे.

फेरीवर सगळे बरे आहेत ना? गॅलरीवाल्या आजींकडे गेलीस का? काही म्हणाल्या का? असंच विचारलं.

भिंगरी

१२ डिसेंबर

भिंगरी,

तुझं "असंच" मी ओळखते. लहानपणी तू बरणी फोडून आलास तरी असंच विचारायचास, "आपल्याकडे किती बरण्या आहेत गं?"

रागावले नाही. चिठ्ठी वाचली, दूध तापवलं. तुझी चटई गुंडाळून ठेवली. संध्याकाळी परत उघडून टाकली, का ते माहीत नाही. तशीच आहे.

सोमवारी धाकटी घेऊन एकटी निघाले. सांगितलंस तसं केलं, ब्रेक, मग बटण. पेटी पायांत. लॅबच्या कोपऱ्यावर, जिथे पडले होते, तिथे एक हातगाडी आडवी आली आणि मी दाबला. डावा. किती दाबला ते मला समजलं नाही. गाडी पुढून जराशी वाकली आणि उभी राहिली. मीही उभी. हातगाडीवाला म्हणाला, "चला बाई, जायचंय ना?" मागून कुणीतरी हॉर्न दिला. मग गेले.

आजींकडे शेवटी गेले. त्या गॅलरीत उभ्या होत्या, खाली फक्त मला बघून म्हणाल्या, "आज बोलका आला नाही वाटतं?" वर गेले. त्यांनी टेबल पुसून ठेवलं होतं, उशी ठेवली होती. बसल्यावर दर वेळेसारखं म्हणाल्या, "मिस्टर कसे आहेत?"

मी "बरे" म्हणायला तोंड उघडलं. हातात कापूस होता. म्हटलं, "नाहीत ते. जूनमध्ये गेले."

आजी म्हणाल्या, "माहीत आहे. तुझा भाऊ खालून बोलून गेला. मी गॅलरीतून विचारलं, साहेब दिसत नाहीत हल्ली, तर तो म्हणाला की ते गेले. मग त्याचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, मी काही ऐकलं नाही, जा."

"तरी तुम्ही विचारत होतात?"

"मग? एकदम विचारायचं थांबले असते तर तुला कळलं असतं. तू सांगायचीस, मी ऐकायची. बिघडत काय होतं?"

मला वाटलं आता काहीतरी होईल. झालं नाही. खालून भंगारवाल्याची हाक आली, ती गेली. आजींनी विचारलं, "नाव काय गं त्यांचं? इतके दिवस नुसतं मिस्टर मिस्टर."

मी नाव सांगितलं. जूनपासून ते मी कुठल्या कुठल्या कागदांवर लिहिलं होतं, तोंडानं घेतलं नव्हतं. जरा मोठ्यानंच निघालं, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. आजींनी ते एकदा म्हणून पाहिलं. मग बाही वर केली आणि हात उशीवर ठेवला.

मी पट्टा बांधला, शीर शोधली, नमुना घेतला. कापूस दाबून धरायला सांगितला. आजी म्हणाल्या, "बस जरा." मी बसले नाही. पुढच्या घरी लोक उपाशीपोटी वाट बघत असतात.

ताई